‘रॉजर ॲक्रॉइड’ आणि त्याचे वाचक

जानेवारी १९४५ मध्ये ‘न्यू यॉर्कर’ या अमेरिकन साप्ताहिकात एडमंड विल्सन यांचा एक लेख प्रसिद्ध झाला. रॉजर ॲक्रॉइडचा खून कोणी केला याची कोणाला पर्वा आहे, अशा अर्थाचा सवाल त्याच्या मथळ्यातच केलेला होता. विल्सन हे सामान्य पुस्तकपरीक्षक नव्हते. प्रूस्त, जॉइस, येट्स यांच्या वाङ्मयाचे मर्म इंग्रजी वाचकांना ज्यांनी प्रथम उलगडून दाखविले त्यांत त्यांची गणना होते. याआधी तीन महिने, ऑक्टोबर १९४४ मध्ये, लोक रहस्यकथा का वाचतात या विषयावर त्यांनी एक लेख लिहिला होता व त्यावर वाचकांची पुष्कळ पत्रे आली होती. बहुतेक पत्रे विरोधाची होती. आपण चुकीची पुस्तके निवडलीत, अमुक वाचा, तमुक वाचा, असा त्यांचा सूर होता. विल्सन यांनी सुचविलेल्यांपैकी काही पुस्तके वाचली आणि त्यांचे मत निवळण्याऐवजी अधिकच कडवट झाले. खुळेपणाच्या व किरकोळ अपायाच्या मानाने हे वाचन धूम्रपान आणि शब्दकोडी यांच्या मधोमध कोठेतरी बसणारे व्यसन आहे, असा निवाडा त्यांनी दिला.

मौज अशी की, ज्या कादंबरीतील मृताचे नाव मथळ्यात झळकले तिचे विवेचन त्या लेखात नाही. विल्सन यांना नाव हवे होते ते केवळ खूण म्हणून. आणि एकोणीस वर्षांपूर्वीच्या एका लोकप्रिय कादंबरीचे नाव तसे वापरता आले, यातच तिच्याविषयी काही सांगून झाले आहे. ज्या पुस्तकाची पर्वा कोणालाच नाही त्याचे नाव मथळ्यात घालून वाचकांना डिवचता येत नाही. अगाथा ख्रिस्ती यांच्या ‘द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड’ या कादंबरीविषयी तिच्या वाचकांत जो मतभेद १९२६ मध्ये सुरू झाला तो अद्याप मिटलेला नाही. मात्र तो ज्या प्रश्नावर आहे असे भांडणाऱ्यांना वाटत आले, त्याच प्रश्नावर तो खरोखर आहे की नाही, हे तपासून पाहण्यासारखे आहे.

या कादंबरीची चर्चा तिचे रहस्य फोडल्यावाचून करता येत नाही. ज्यांना ते ठाऊक नाही आणि कादंबरी वाचण्याची इच्छा आहे, त्यांनी आधी ती वाचून मग येथे परतावे.

किंग्ज ॲबट या इंग्लंडातील एका खेड्यात कथा घडते. निवेदक आहे गावचा डॉक्टर जेम्स शेपर्ड. त्याची थोरली, अविवाहित बहीण कॅरोलाइन घराचा उंबरठा क्वचितच ओलांडते, पण नोकरचाकर आणि दूधवाला यांच्या मार्फत गावातील यच्चयावत बातम्या तिच्यापाशी येऊन पोचतात. फेरर्स नावाची एक विधवा व्हेरोनलच्या अतिसेवनाने मरण पावते. तिने आपल्या पतीला विष घातले होते, आणि हे गुपित जाणणारे कोणीतरी तिच्याकडून सतत पैसे उकळीत होते. तिच्याशी विवाह करू इच्छिणारा गावचा धनिक ॲक्रॉइड याला तिचे अखेरचे पत्र मिळते. त्या पत्रात त्या छळणाऱ्याचे नाव असते, आणि त्याच रात्री आपल्या अभ्यासिकेत ॲक्रॉइड ट्युनिसच्या खंजिराने भोसकलेला सापडतो. निवृत्त होऊन शेजारच्या घरात भोपळे पिकवीत बसलेला हर्क्यूल पॉयरो तपास हाती घेतो. त्याचा नेहमीचा सोबती कॅप्टन हेस्टिंग्ज दूर अर्जेंटिनात असल्याने त्याची रिकामी जागा डॉक्टर शेपर्डकडे येते. आणि खुनी निघतो तो हाच शेपर्ड. आपण वाचीत आलो ती कथा खुन्यानेच लिहिली होती, हे वाचकाला शेवटाकडे कळते.

ही कल्पना ख्रिस्तीबाईंना दोन ठिकाणांहून मिळाली होती. रहस्यकथांत हल्ली कोणीही गुन्हेगार ठरतो, तर एखादा वॉटसन गुन्हेगार का निघू नये, असे त्यांचे मेहुणे जेम्स वॉट्स एकदा बोलून गेले होते. दुसरी सूचना लॉर्ड लुई माउंटबॅटन यांनी १९२४ मध्ये पत्राने पाठविली होती. पुढे भारताचे अखेरचे व्हाइसरॉय म्हणून ज्यांचे नाव आपल्या इतिहासात आले तेच हे माउंटबॅटन. बाईंच्या मृत्यूनंतर १९७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात या दोघांचाही उल्लेख आहे. कल्पना मात्र अगदीच अपूर्व होती असे नव्हे. चेकॉव्ह यांनी उमेदवारीच्या काळात, १८८४-८५ मध्ये, एका वृत्तपत्रासाठी लिहिलेल्या ‘द शूटिंग पार्टी’ या कादंबरीत एक माजी न्यायाधिकारी आपले हस्तलिखित संपादकाकडे आणून देतो, आणि ते वाचताना संपादकाला लेखकाचाच संशय येऊ लागतो. तिचे इंग्रजी भाषांतर १९२६ मध्येच निघाले, हा निव्वळ योगायोग. पण चेकॉव्ह यांचा संपादक तळटीपा घालून वाचकाला जागे करीत जातो. किंग्ज ॲबटमध्ये तळटीपा घालणारा कोणीच नाही.

‘ॲक्रॉइड’चे पहिले वाचक पुस्तकाचे वाचक नव्हते. जुलै ते सप्टेंबर १९२५ या अवधीत लंडनच्या ‘ईव्हनिंग न्यूज’ या सायंदैनिकात ती क्रमशः प्रसिद्ध झाली. दिवसभराचे काम आटोपून घरी परतणाऱ्या माणसाने त्या दिवसाचे प्रकरण वाचावे, अंक टाकून द्यावा, आणि उद्याची वाट पाहावी. मागची पाने उलटून पाहण्याची सोय या वाचकाला नव्हती. ती सोय जून १९२६ मध्ये कॉलिन्सने पुस्तक काढले तेव्हा झाली, आणि मतभेदालाही खरी धार तेव्हाच आली.

विरोधकांत अग्रभागी होते विलर्ड हंटिंग्टन राइट. एस. एस. व्हॅन डाइन या टोपणनावाने ते स्वतः रहस्यकथा लिहीत. १९२७ मध्ये संपादिलेल्या एका संग्रहाच्या प्रस्तावनेत त्यांनी ‘ॲक्रॉइड’मधील युक्ती रहस्यकथाकाराला शोभणारी नाही, असे म्हटले, पॉयरोची कामगिरी अधूनमधून चांगली असली तरी शेवटामुळे ती फुकट गेली, असा त्यांचा अभिप्राय होता. पुढील वर्षी त्यांनी रहस्यकथेचे वीस नियम जाहीर केले. १९२९ मध्ये रोनाल्ड नॉक्स या धर्मोपदेशक लेखकाने दहा नियमांची आपली संहिता मांडली. ज्याच्या मनातील विचार वाचकाला कळू दिले आहेत असे पात्र गुन्हेगार असू नये, आणि डिटेक्टिव्हच्या भोळ्या मित्राने आपल्या मनातील काहीही लपवू नये, ही त्यातील दोन कलमे. पहिल्या कलमाशी मात्र नॉक्स स्वतःच अडखळतात. ख्रिस्तीबाईंच्या काही विलक्षण करामती पाहता हा नियम काटेकोर शब्दांत बसविणे कठीण आहे, अशी कबुली देऊन ते त्याला मुरड घालतात. नियम करणाऱ्यालाच अपवादापुढे थबकावे लागले, हे या वादातील एक प्रांजळ दृश्य आहे.

बाजू घेणाऱ्यांत डोरोथी सेयर्स प्रमुख होत्या. १९२८ च्या आपल्या संग्रहाच्या प्रस्तावनेत त्यांनी राइट यांचे नाव घेऊनच उत्तर दिले. ही तक्रार चतुराईने फसविले गेल्याच्या स्वाभाविक रागातून येते, आवश्यक ती सर्व माहिती वाचकापुढे ठेवलेली आहे, आणि सर्वांवर संशय घेणे हे वाचकाचेच काम आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. इंग्लंडातील रहस्यकथाकारांनी १९३० मध्ये ‘डिटेक्शन क्लब’ स्थापन केला आणि वाचकाशी प्रामाणिकपणे वागण्याची शपथ सभासदांना घ्यावयास लावली. त्याच क्लबचे अध्यक्षपद पुढे सेयर्सबाईंच्या पश्चात ख्रिस्तीबाईंकडे आले व १९७६ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांच्याकडेच राहिले. जिने नियम मोडला असे म्हटले गेले तिच्याच हाती नियमांची राखण आली, असे म्हणावयास हरकत नाही.

पण नियम खरोखर मोडला होता काय? व्हॅन डाइन यांच्या वीस नियमांतील दुसरा नियम असा की, गुन्हेगार डिटेक्टिव्हला ज्या युक्तीने फसवितो तीवाचून दुसरी कोणतीही फसवणूक लेखकाने वाचकाची करू नये. ‘ॲक्रॉइड’मध्ये शेपर्ड आपले हस्तलिखित पॉयरोला वाचावयास देतो, पॉयरो ते वाचतो, आणि लेखकाने स्वतःला पार्श्वभूमीत ठेवल्याबद्दल सूचक प्रशंसाही करतो. म्हणजे वाचकापुढे जी पाने आहेत त्यांतील बहुतेक पॉयरोच्याही पुढे होती. वाचकाची झालेली फसवणूक आणि डिटेक्टिव्हची होऊ घातलेली फसवणूक ही एकाच कागदावर आहे. पॉयरो फसला नाही, वाचक फसला, एवढाच फरक. व्हॅन डाइन यांच्या नियमपुस्तकाने ही कादंबरी दोषी ठरत नाही. तिला दोषी ठरविले ते त्यांच्या रागाने. तेवढ्यापुरते सेयर्सबाईंचे निदान बिनचूक होते.

तथापि सेयर्सबाईंचा पक्षही पूर्णपणे पटणारा नाही. वाचकाने सर्वांवर संशय घ्यावा हे ठीक. पण ‘मी’ म्हणून जो बोलतो त्याच्यावर संशय घेणे म्हणजे ज्या फळीवर आपण उभे आहोत तीच उचलून पाहण्यासारखे आहे. डॉक्टर वॉटसनने चाळीस वर्षे इंग्रजी वाचकाला एक सवय लावली होती. हा माणूस मंद असेल, पण खोटे बोलणार नाही. आपल्याकडे शरदिंदु बंद्योपाध्याय यांच्या ब्योमकेशाच्या कथा १९३२ पासून येऊ लागल्या, तेव्हा अजितच्या निवेदनावर बंगाली वाचकाने टाकलेला विश्वास याच जातीचा होता. ‘ॲक्रॉइड’ने धक्का दिला तो या विश्वासाला. खेळात हरल्याचे दुःख वेगळे आणि मित्राने दगा दिल्याचे वेगळे. विरोधकांना दुसरे झाले होते. त्यांनी ते पहिल्याच्या भाषेत, नियम आणि न्याय यांच्या भाषेत मांडले, म्हणून त्यांची बाजू लंगडी पडली.

कादंबरीच्या मर्मस्थानी असलेला उतारा जवळून पाहिला म्हणजे हे अधिक स्पष्ट होते. खुनाच्या रात्री आठ वाजून चाळीस मिनिटांनी टपाल आत येते. ॲक्रॉइड पत्र वाचू लागतो, नावाशी येताच थांबतो, आणि शेपर्ड आग्रह करीत असताही पुढे वाचीत नाही. नऊला दहा मिनिटे कमी असता शेपर्ड खोलीबाहेर पडतो. पत्र तसेच न वाचलेले आहे. दाराशी तो घुटमळतो, मागे वळून पाहतो, आणि काही राहून तर गेले नाही ना, असा विचार मनात आल्याचे सांगतो. नऊच्या ठोक्याला तो फाटकाशी पोचतो. यात एकही विधान असत्य नाही. पहिल्या वाचनात हा एक चिंताग्रस्त डॉक्टर आहे, मित्राला तशा मनःस्थितीत सोडून जाताना त्याचा पाय निघत नाही. दुसऱ्या वाचनात तोच घुटमळणारा माणूस प्रेताकडे पाहतो आहे. घर ते फाटक ही वाट पाच मिनिटांची, तिला दहा मिनिटे लागली. हा हिशेब पॉयरो करतो, वाचक करीत नाही. अखेरच्या प्रकरणात शेपर्ड आपल्याच या वाक्यरचनेकडे बोट दाखवून कारागिराच्या अभिमानाने बोलतो, आणि तेथे त्याची शिसारी येते व नवलही वाटते.

संस्कृत साहित्यशास्त्राला एका शब्दरचनेतून दोन अर्थ निघणे नवीन नाही; त्याला आपण श्लेष म्हणतो. पण श्लेषकाव्यात दोन्ही अर्थ एकाच वेळी रसिकाच्या हाती यावयाचे असतात, त्यातच त्याचा आनंद असतो. येथे दुसरा अर्थ दुसऱ्या वाचनापर्यंत राखून ठेवला आहे. या कादंबरीविषयीचा मतभेद मुख्यतः अभिरुचीचा नाही, तो या दोन वाचनांमधील आहे. जे तिला फसवणूक म्हणतात ते पहिल्या वाचनाची साक्ष देतात आणि ती साक्ष खरी आहे. जे तिला प्रामाणिक म्हणतात त्यांनी पाने उलटून मागे जाऊन पाहिले आहे. त्यांची साक्षही खरीच. विल्सन यांच्या मते एकदा गुपित कळले की रहस्यकथेत उरते ते केवळ टरफल. हे मत शेकडो रहस्यकथांना लागू पडेल. परंतु ज्या एका कादंबरीचे नाव त्यांनी मथळ्यासाठी उचलले तिला ते सर्वांत कमी लागू पडते, हा दैवदुर्विलास म्हटला पाहिजे.

भाषांतरकाराला हा प्रश्न पुस्तकी राहात नाही. मराठीत ‘व्यक्ती’ हा शब्द स्त्रीलिंगी असल्यामुळे पैसे उकळणाऱ्याचे लिंग झाकून ठेवणे सहज जमते. तेथे अडचण नाही. अडचण उलट बाजूने येते. इंग्रजीत क्रियापदाला कर्ता द्यावाच लागतो. शेपर्ड जेव्हा मोजक्या शब्दांत आपण काय केले ते सांगतो तेव्हा ‘मी’ तेथे उभा असतो, उघड्यावर असतो, आणि तरी दिसत नाही. बाईंचे सारे कसब त्यात आहे. मराठीत सकर्मक क्रियेचा भूतकाळ कर्मानुसार चालतो आणि ‘मी’ गाळला तरी वाक्य डौलदारच राहते, किंबहुना गाळल्यानेच ते अधिक मराठी वाटते. करावयाचे ते केले, असे लिहून भाषांतरकार मोकळा होऊ शकतो. पण तसे केले तर दुसऱ्यांदा वाचणारा मागे येऊन शोधील तेव्हा त्याला ‘मी’ सापडणार नाही, आणि फसवणुकीचा जो आरोप मूळ लेखिकेवर टिकत नाही तो भाषांतरकारावर टिकेल. येथे थोडा अवघडलेपणा पत्करूनही ‘मी’ ठेवला पाहिजे. भाषेच्या सौष्ठवापेक्षा साक्षीचा खरेपणा मोठा असण्याचे प्रसंग भाषांतरात क्वचित येतात. हा त्यांपैकी एक.

विद्वानांची दृष्टी या कादंबरीकडे वळली ती प्रथम फ्रान्समध्ये. रोलाँ बार्थ यांनी १९५३ च्या आपल्या पहिल्याच पुस्तकात, शीर्षक न सांगता, हिचा दाखला घेतला. वाचक खुन्याला कथेतील प्रत्येक ‘तो’मागे शोधीत राहिला आणि खुनी ‘मी’च्या आड बसला होता, एवढेच त्यांना सांगावयाचे होते, पण कादंबरीतील सर्वनाम हा केवळ व्याकरणाचा विषय नव्हे, तो वाचकाशी केलेला करार असतो, हे त्यातून निष्पन्न झाले. १९६१ मध्ये अमेरिकेत वेन बूथ यांनी अविश्वसनीय निवेदकाची संकल्पना मांडली. १९७२ मध्ये जेरार जनेत यांनी, निवेदकाला जे ठाऊक आहेच ते त्याने वगळणे, या प्रकाराला शास्त्रीय संज्ञा दिली आणि उदाहरणांत ‘ॲक्रॉइड’ घेतली. १९२७ मध्ये जो गुन्हा होता तो १९७२ मध्ये तंत्र झाला. टीकेचा हा प्रवास समाधानाचा आहे खरा, परंतु राइट यांना जी चीड आली तिचा मागमूस जनेत यांच्या कोष्टकात उरत नाही, आणि ती चीड हाही वाचनाचाच एक भाग होता. मराठीत तर वादाची ही सामग्रीच जमली नाही. बाबूराव अर्नाळकरांची हजारावर पुस्तके घरोघर वाचली गेली, पण त्या वाचकांना काय वाटले याची पृच्छा आपल्या टीकेने फारशी केली नाही.

स्वतः ख्रिस्तीबाईंनी ४१ वर्षांनी, १९६७ मध्ये, ‘एंडलेस नाइट’मध्ये जवळजवळ हीच युक्ती पुन्हा योजिली. त्या वेळी कोणी नियमांचा पुकारा केला नाही. तोवर वाचक शहाणा झाला होता, किंवा विश्वास टाकण्याची त्याची सवय मोडली होती. २०१३ मध्ये ब्रिटनच्या रहस्यकथाकार संघटनेने आपल्या साठाव्या वर्षी सभासदांचे मत घेतले, तेव्हा आजवरची सर्वोत्कृष्ट गुन्हेगारी कादंबरी म्हणून ‘ॲक्रॉइड’चीच निवड झाली. हा निकाल लेखकांचा आहे, हे ध्यानात घ्यावे. तंत्र जाणणाऱ्यांनी तंत्राला दिलेली ती दाद आहे. सायंदैनिकाच्या १९२५ मधील वाचकाचे मत त्यात मोजलेले नाही.

त्याहून अधिक विचारास प्रवृत्त करते ते पिएर बायार यांचे १९९८ मधील फ्रेंच पुस्तक. ॲक्रॉइडला कोणी मारले, हाच प्रश्न त्याचे शीर्षक आहे. पॅरिसच्या विद्यापीठात साहित्य शिकविणारे व मनोविश्लेषणाचा व्यवसाय करणारे बायार म्हणतात की, जो निवेदक वगळून सांगतो त्याचा कबुलीजबाब तरी पूर्ण कशावरून मानावा? पॉयरोची उपपत्ती त्यांना एखाद्या भ्रमासारखी सुसंगत पण निराधार वाटते, आणि त्यांच्या मते खरी खुनी कॅरोलाइन आहे. भाऊ तिला वाचविण्यासाठी मरण पत्करतो. हे अनुमान मान्य होणे कठीण आहे. डिक्टाफोन, सरकविलेली खुर्ची, स्टेशनवरून आलेला टेलिफोन, ही सारी जुळणी शेपर्डच्या हातचीच दिसते. पण बायार यांचा प्रश्न मात्र अवैध नव्हे. निवेदकावरील विश्वास एकदा गेला की तो नेमका कोठे परत आणावयाचा, याचे उत्तर ख्रिस्तीबाईंनी दिलेले नाही.

आणि कॅरोलाइनकडे बोट दाखविण्यात बायार यांची नजर योग्य ठिकाणी गेली आहे. स्वतः बाईंना या कादंबरीत सर्वांत प्रिय असलेले पात्र तेच होते. १९२८ मध्ये ‘ॲलिबाय’ या नावाने तिचे नाटक रंगभूमीवर आले, त्यात या प्रौढ बहिणीच्या जागी एक देखणी तरुणी आणली गेली, याची त्यांना खंत वाटली. मिस मार्पल या पात्राच्या जन्माशी तिचा संबंध त्यांनीच पुढे जोडला. संपूर्ण खेड्याची खबर ठेवणारी ही बाई आपल्याच घरात, आपल्याच भावाविषयी अनभिज्ञ होती, असे कादंबरी वरवर सांगते. शेपर्ड अखेरीस पुन्हा व्हेरोनलचाच आश्रय घेतो, तो कॅरोलाइनला सत्य कळू नये म्हणून. पण त्याच प्रकरणात तो हेही लिहून जातो की त्याला सर्वाधिक धास्ती होती ती तिची. तिने ओळखले असेल अशी शंका त्याला अधूनमधून येई, आणि आपल्या स्वभावातील दुबळेपणाविषयी ती एकदा ज्या रीतीने बोलली ते त्याच्या मनातून गेले नव्हते. तिला ठाऊक होते काय, याविषयी वाचकांत अजूनही दोन तट आहेत. एका पक्षाच्या मते ते बोलणे निव्वळ बहिणीच्या काळजीचे होते. दुसऱ्याच्या मते पॉयरोच्या कितीतरी आधी, घराबाहेर पाऊलही न टाकता, तिने सारे जाणले होते आणि त्यानंतर ती गप्प राहिली.